इमारतीत कुणी झोपतं का?

बॅटली गावात, रेल्वेपुलाच्या अंगाला,
लोकरीची गिरणी होती तिथे आता
दुसऱ्या मजल्यावर गाद्या शिवतात.
डोरीन सटक्लिफ सव्वानऊला पोचते
पायऱ्या मोजत. सवय.
बावीस वर्षं बंबावर काढली,
आता गुडघा नाही म्हणतो,
म्हणून आग लागायच्या आधी जाते.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी
ही म्हण तिच्या कानावरून गेलेली नाही,
पण तिचं पोट त्या म्हणीच्या उलट चालण्यावर आहे.

युनूस लोरगात न मागता चहा आणतो,
दोन चमचे साखर घालून.
विमा कंपनीचं पत्र फायलीत सगळ्यांत वर,
का बोलावलं ते आपसूक कळावं असं.

'बंद ठेवा' लिहिलेलं दार
उघडं धरून बसलंय
लाल नळकांडं,
इमानी कुत्र्यासारखं.
ती ते पायाने सरकवते.
दार सावकाश मिटतं, तीन बोटं उरतात.
बिजागरी, ती लिहिते.

मग फोम.
छताला टेकलेला, पिवळसर, हलका,
हात लावला की लाडात येतो.
हाच वरून थेंबथेंब पेटता गळताना
तिने हेल्मेटवर ऐकलाय.
"तीन मिनिटं," ती म्हणते.
"कशाची?"
"एवढीच."

मागच्या जिन्याला कुलूप.
चोऱ्या होतात ना.
किल्ली असदकडे.
असद बर्मिंगहॅमला, चुलतबहिणीच्या लग्नाला.

तिसरं पान, सहावा प्रश्न:
इमारतीत कुणी झोपतं का?
"नाही," युनूस म्हणतो,
पेन कागदाला टेकायच्या आत.

नाही, ती लिहिते.
आणि लिहून झाल्यावर वर जाते,
रिळांच्या खोलीमागच्या शिडीने,
गुडघ्याला शिव्या देत.

माळ्यावर एक गादी, इथलीच,
लेबल न काढलेली. ज्वालारोधक.
किटली, हीटर, मोबाइलचा चार्जर:
एका एक्स्टेन्शनच्या आचळांना
सगळी एकदम लुचतायत.
खिडकीला खिळे ठोकून प्लायवूड.
आणि जॅमच्या रिकाम्या बरणीत
टूथब्रश.
दोन.
दुसरा बोटाएवढा, मुठीवर हिरवा बेडूक.

युनूस शिडीच्या शेवटच्या पायरीवरून
नुसतं डोकं वर काढून बघतो.
डोरीन त्याच्या चेहऱ्याकडे बघते.
खोटं बोलणारी माणसं तिने पुष्कळ पाहिलीत,
राखेत उभं राहूनसुद्धा बोलतात.
याला एकाचं माहीत होतं.
दुसऱ्याचं नव्हतं.

खाली टिबॉरचं मशीन थांबलेलं.
पाय अजून पट्टीवर,
डोळे छताकडे.
सहा महिने, तो सांगतो, म्हणजे बोटं दाखवतो.
घरमालकाने भाडं वाढवलं.
बायको बुडापेस्टला, तिची आई आजारी.
मुलगी दिवसा शाळेत जाते,
रात्री आवाज करत नाही. शहाणी आहे.
हे शहाणी आहे तो दोनदा म्हणतो.

"आज रात्री नाही," डोरीन म्हणते.
"एकही रात्र नाही. फोन मला करावाच लागेल,
आणि तो मी तुमच्यासमोरच करते."

शेवटच्या पानावर रकाना:
जबाबदार व्यक्ती. नाव. सही.
युनूस पेन धरून बसतो.
दहा वर्षं कसल्या कसल्या कागदांवर केलेली सही
आज आठवावी लागते.
"माझ्याकडे मागची खोली आहे," तो म्हणतो,
कुणाला ते स्पष्ट होत नाही.
मग उठून मोठी कातर शोधतो, लोखंड कापायची,
असदच्या किल्लीची वाट न बघता.

साडेतीनला मागचा जिना उघडतो.
कबुतरांची घाण, ओलसर वास,
आणि तळाशी, खरंच, एक दार, गल्लीत उघडणारं.
शाळेतून आलेली मुलगी
बेडूक कोटाच्या खिशात घालून
बापाच्या पुढे उतरते,
पायऱ्या मोजत, आपल्या भाषेत.
सतराव्या आकड्याला अडखळते.

डोरीन गाडीतून परत उतरते.
पायरी तुटकी आहे.
लिहायची राहिली होती.